शेवटच्या कडव्यातलं नाव

त्या बँडबद्दल मला विचारू नका असं मी आधी म्हणतो आणि मग तासभर बोलतो. अहेरीजवळच्या आमच्या आश्रमशाळेत हे सगळ्या मास्तरांना ठाऊक झालं आहे. जेवणाच्या सुट्टीत कोणीतरी डबा उघडता उघडता मुद्दाम त्यांचं गाणं गुणगुणतं, दुसरा माझ्याकडे बघतो, आणि माझा घास तोंडातच फिरायला लागतो. मला काय त्याचं, असा चेहरा करून बघितला. जमत नाही. आमचे हेडमास्तर तर तोंडावरच म्हणतात, "सरच्या पोटात दुखून राह्यलं पाहा."

दुखतंय. का दुखू नये?

बँडचं नाव मी इथे लिहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे, आणि बाकीच्यांना कळवण्याचं काम माझं नाही. त्यासाठी त्यांच्याकडे आता माणसं आहेत. चंद्रपूरच्या एका गल्लीतली मंडळी, स्वतःची मराठी गाणी स्वतः लिहून, गिटार आणि कीबोर्डवर म्हणत नागपूरला गेली, पुण्याला गेली, टीव्हीवर आली. अहेरीच्या आठवडी बाजारात कॅसेटवाला तेलुगू सिनेमाच्या गाण्यांच्या मध्येच त्यांचं एक गाणं लावतो. मी वांगी निवडत असतो आणि ते सुरू होतं. मग मी किडकी वांगी घेऊन घरी येतो आणि बायको विचारते, बाजारात आज पुन्हा लागलं होतं का?

ते गाणं माझं आहे. चाल त्यांची, शब्द माझे. हे मी सहसा सांगत नाही, कारण सांगितलं की लोक फार समजूतदार चेहरा करतात.

मी मूळचा धानोऱ्याचा. बाबा पोटासाठी तहसील कचेरीत शिपाई होते आणि उरलेल्या वेळात कवी. त्यांची गायन पार्टी होती: एक पेटी, एक ढोलक, झांजा, आणि कोरसला आमच्याच मोहल्ल्यातले काका लोक. एप्रिल महिना आला की जयंतीच्या कार्यक्रमांना त्यांना गावोगावची बोलावणी येत. आमच्या लहानपणी आम्ही शाळेत शिकलो तेवढंच त्या गाण्यांतून शिकलो. कुठला सत्याग्रह कशासाठी होता, दीक्षा म्हणजे काय, हे सगळं मला आधी चालीवर पाठ होतं आणि मग पुस्तकात भेटलं.

या गाण्यांची एक रीत आहे. शेवटच्या कडव्यात कवी आपलं नाव टाकतो. अमुक म्हणे असं आहे, अमुक सांगे तसं आहे. ऐकणाऱ्यांनाही ती रीत माहीत असते, त्यामुळे शेवटचं कडवं आलं की मंडपातली माणसं जरा पुढे सरकून बसतात, गाणं कोणाचं ते कळावं म्हणून. बाबा दुसऱ्यांच्या पार्टीचं गाणं ऐकायला बसले की हात मांडीवर ठेवून बसत. गाणं किती का रंगेना, मधे टाळी नाही, मान हलवणं नाही. नाव आलं की मग टाळी, आणि ती पोटभर. मी सातवीत असताना पहिलं गाणं लिहून त्यांना दाखवलं तेव्हा त्यांनी चाल विचारली नाही, विषय विचारला नाही.

"नाव टाकलास का?"

"नाई टाकलो."

"मंग हे उघडं हाये. आधी नाव टाक, मंग मले आयकव."

तेव्हापासून मी आधी शेवटचं कडवं लिहितो आणि मग वरचं गाणं. अजूनही.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी कॉलेजसाठी चंद्रपूरला आलो आणि तिथल्या वाचनालयात तो, पुढे या बँडचा गायक झालेला, मला भेटला. आम्ही दोघं एकाच कवितासंग्रहासाठी रोज चक्कर मारत होतो आणि पुस्तक दोघांनाही मिळत नव्हतं, कारण ते एका प्राध्यापकाच्या मुलीने नेलं होतं. ती पुढे त्यांच्या बँडची कीबोर्डवाली झाली, त्यामुळे पुस्तक त्यालाच मिळालं असं म्हणायला हरकत नाही.

त्याच्या अब्बांची साउंड सर्व्हिस होती. भोंगे, माईक, अँप्लिफायर. गणपतीला तेच, उरुसाला तेच, आमच्या जयंतीलाही तेच. अब्बा दुकानात सोल्डरिंग करता करता गझला म्हणत बसत, आणि गोदामाच्या वरची खोली त्यांनी पोराला देऊन टाकली होती. चंद्रपुरात कुठलीही गोष्ट उघडी ठेवली की संध्याकाळपर्यंत तिच्यावर कोळशाचा आणि राखेचा काळा थर बसतो. कीबोर्डवर म्हणून जुनी चादर टाकलेली असे, आणि ती चादर झटकल्याशिवाय तालीम सुरू होत नसे. ड्रमवाला माजरीच्या खाणीच्या कॉलनीतून बसने यायचा. त्याचे वडील खाणीत होते. तो आला की खोलीतला आरसाही हलायचा.

आणि अब्बांचा पोरगा गायला लागला की काही हलायचं नाही. त्याचा आवाज पहिल्यांदा ऐकला त्या दिवसापासून मी जळतो आहे, हे सांगून टाकलेलं बरं. मोठा आवाज नव्हता. बाबांच्या पार्टीत त्याला कोरसमध्येही कोणी घेतलं नसतं. पण तो समोरच्याशी बोलल्यासारखा गायचा आणि बोलता बोलता सूर लागायचा, आणि आपण ऐकत असतो तर आपल्याला वाटायचं, हे आपण म्हणणारच होतो. मी रात्रंदिवस यमकं जुळवणारा माणूस. माझ्या चार ओळी तो वाचायचा, एक खोडायचा, उरलेल्या तीन गायचा आणि त्या माझ्यापेक्षा त्याच्याच वाटायच्या.

गल्लीत कोणाला कळत नव्हतं हे काय चाललंय. बँड म्हटलं की लोकांना वरात आठवायची. राजुऱ्याकडचा एक माणूस पोरीच्या लग्नासाठी चौकशी करायला थेट वर आला, खुर्चीवर बसला, दोन गाणी शांतपणे ऐकली आणि म्हणाला, "हे बसून वाजवाचं हाये. चालत चालत काई जमते का तुमाले?" कीबोर्डवाली इतकी हसली की तिला ठसका लागला. पाणी मी आणून दिलं. ती मात्र आमच्या गायकाकडे बघून हसत होती.

ते गाणं मी त्याच खोलीत लिहिलं. आमच्याकडे उन्हाळा लागायच्या सुमाराला मोह पडतो. पहाटे फुलं टपटप जमिनीवर येतात आणि बायापोरं ती वेचतात. पण त्याच्या आधी झाडाखालचा पाला झाडून किंवा जाळून जागा साफ करावी लागते, नाहीतर फूल पाल्यात हरवतं. जंगलातलं झाड कोणाच्याच मालकीचं नसतं, पण खालची जागा ज्याने झाडली, तिथलं फूल त्याचं. दुसरं कोणी हात लावत नाही. यावर मी गाणं केलं, एका मुलीला उद्देशून, आमच्या बोलीत:

मोहाखालचा पाला बाई, झाडून ठेव तू;
पडन त्याले पडू दे, जागा ठेव तू.

त्याने ते दोनदा वाचलं. मग गिटार घेऊन एक चाल धरली, तिथल्या तिथे, जशी काही ती कोपऱ्यात पडलीच होती. कीबोर्डवाली पुस्तक मिटून उठली आणि दोन सूर तिने मागून दिले. माजरीवाल्याने काठ्या खाली ठेवल्या आणि नुसत्या बोटांनी ताल धरला. मी आयुष्यात त्याहून सुखी कधी झालो नाही, लग्नात नाही, नोकरी लागली तेव्हा नाही. तेव्हाही आत एक बारीक कळ आली होती, की हे सगळे मिळून जे करून राह्यले ते मला करता येत नाही. पण नाव होतं ना शेवटी. शेवटचं कडवं असं होतं, सुरुवातीला माझं नाव, आणि मग:

म्हणे, झाड नाई माह्यं बाई, फूल नाई माह्यं;
झाडली तेवढी जागा बाई, तेवढंच माह्यं.

कॉलेजच्या स्नेहसंमेलनात ते गाणं होणार ठरलं आणि मी धानोऱ्याला निरोप पाठवला: बाबा, या. माझं गाणं आहे.

बाबा आले. जयंतीला घालतात तो पांढरा सदरा घालून, दोन बस बदलून आले. मी त्यांना मधल्या रांगेत बसवलं आणि शेजारी बसलो. सुरुवातीला कोणाकोणाचे नाच झाले, एक नाटुकलं झालं, आणि मग ही मंडळी चढली. पहिल्या ओळीला सभागृह गप्प झालं. जी पोरं मघापासून शिट्ट्या मारत होती तीसुद्धा गप्प. दुसऱ्या कडव्याला मागच्या बाकांवरून पोरी धृपद सोबत म्हणायला लागल्या. मी बाबांकडे बघितलं. हात मांडीवर, नजर समोर, अंग जरा पुढे झुकलेलं. नावाची वाट बघत होते. मीही तसाच बसलो होतो, अगदी तसाच.

तिसरं कडवं संपलं. कीबोर्डवालीने तेच दोन सूर दिले, पुन्हा धृपद आलं, एकदा, दोनदा, हळू होत होत, आणि संपलं.

टाळ्या, शिट्ट्या, वन्स मोअर. प्राचार्य उठून उभे राहिले. सगळं सभागृह वाजत होतं आणि त्यात एक माणूस मांडीवर हात ठेवून तसाच बसला होता.

"अजून हाये ना?" बाबांनी विचारलं.

"संपलं, बाबा."

"संपलं? मंग कोनाचं होतं थे?"

मी काय सांगायला हवं होतं ते मला आज बसल्या जागी सुचतं. तेव्हा सुचलं नाही. नाव नसलेलं गाणं दाखवून हे माझं आहे म्हणायचं, ते बाबांसमोर म्हणायची माझी छाती झाली नाही. मी म्हणालो, "त्यांचंच आहे."

बाबांनी मान हलवली. "चांगलं हाये. पन उघडं हाये." मग थोडं थांबून, अगदी सहज, "अन् तुह्यं कवा हाये?"

"माझं आज घेतलं नाही, बाबा."

गडचिरोलीची बस चुकेल म्हणून ते लगेच उठले. बसच्या खिडकीतून म्हणाले, पुढच्या वर्षी घेतील. मी हो म्हटलं.

तिथून मी सरळ त्या खोलीवर गेलो. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. तिघांच्या चहाचे कप तिथे, हसणं तिथे. मी विचारलं, शेवटचं कडवं कुठे गेलं? तो म्हणाला, "अरे यार, तालमीत पाह्यलं ना, गाणं तिथंच संपते. त्याच्या पुढं गेलं की लंबं होते." कीबोर्डवाली म्हणाली, आणि ती वाईट मनाने म्हणाली नाही, हे मला तेव्हाही कळत होतं: "गाणं तिसऱ्या कडव्यात पूर्ण होतं. चौथं म्हणजे नुसती सही आहे."

नुसती सही! मी त्याला म्हणालो, तुझे अब्बा दिवसभर गझला म्हणतात, शेवटच्या शेरात शायराचं नाव येतं तेव्हा ते सोल्डरिंग थांबवतात. तुला माहीत नाही असं मला सांगू नको.

"माहीत हाये," तो म्हणाला. "पण ते एका माणसाचं रायते. हे बँडचं हाये. मी कुठी माह्यं नाव टाकून राह्यलो?"

मी दार आपटून निघालो. दार पण जुनं, ते बंदच झालं नाही. दोन वेळा ओढावं लागलं.

पुढे डी.एड. करून मी अहेरीकडे नोकरीला लागलो, आणि ते लोक वर चढले. कसे चढले ते मला बारीकसारीक ठाऊक आहे, कारण मी दुसरं काही वाचतच नव्हतो. नागपुरात कुठल्याशा महोत्सवात गायले. मग कॅसेट आली. मग पुण्याच्या पेपरात अर्धं पान आलं, की विदर्भाच्या जंगलातून मराठीला एक नवा सूर मिळाला आहे. हे चंद्रपूरच्या बस स्टँडमागे राहणारे, आणि म्हणे जंगलातून. जंगलात मी राहत होतो. माझ्या खोलीत साप निघायचे.

कॅसेटच्या आतल्या कागदावर शब्द आणि संगीत यांच्यापुढे बँडचं नाव होतं. माझं नाव होतं खाली, विशेष आभारात, खोलीची वायरिंग करून देणारा आणि नाश्ता पाठवणारा हॉटेलवाला यांच्या मधोमध. दिलं नसतं तर भांडता आलं असतं. आभार मानल्यावर माणूस काय करणार?

सगळ्यात वाईट म्हणजे त्यांची बाकीची गाणी चांगली होती. माझ्या पोटातल्या आगीला दुसरं कशाचंच एवढं इंधन मिळालं नाही. एक गाणं होतं, भज्याचा कागद उलगडून त्यावरची बातमी वाचणाऱ्या माणसाचं, बातमीचा शेवट दुसऱ्या गिऱ्हाईकाच्या कागदावर गेलेला. एक होतं दोरीवरच्या कपड्यांचं: आई चादर झटकते, राख उडते, चादर पुन्हा घालते, राख पुन्हा बसते, आणि हे इतक्या गोड चालीवर, की आधी आपण डोलतो आणि मग आपल्याला कळतं की आपण कशावर डोलतोय. मी त्या गाण्यांतून चुका काढायला बसायचो. इथे यमक ढिलं आहे, इथे मात्रा चुकली आहे. काढायचो आणि मग तीच ढिली ओळ दिवसभर म्हणत फिरायचो. मी स्वतः तशी गाणी लिहून बघितली. पुन्हा पुन्हा बघितली. त्यात राख होती, चादर होती, सगळं सामान होतं, आणि ती माझ्या बायकोनेही पूर्ण ऐकली नाहीत.

शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलींना नाच बसवायचा होता. गाणं त्यांनीच निवडलं. मोहाखालचा पाला. त्या दिवशी शाळेचा टेपरेकॉर्डर बिघडला आणि हेडमास्तर म्हणाले, सरांना पेटी येते. पेटी मीच वाजवली. माझ्या गाण्यावर, त्यांच्या चालीत, तिसऱ्या कडव्यापर्यंत. पुढचं मी वाजवायला लागलो तर मुली टाळ्या घेऊन आत पळाल्या होत्या.

मग टीव्हीवर त्या गायकाची मुलाखत आली. मी एका सहकाऱ्याच्या घरी बसून बघितली. केस वाढवलेले, अंगात साधा खादीचा कुर्ता, असा साधा की तो साधा दिसावा म्हणून शोधून घेतलेला. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, हे मोहाचं गाणं तुम्हाला सुचलं कसं? तो हसला आणि म्हणाला, "आमच्याकडे गाणी झाडावरून पडतात. आम्ही फक्त वेचतो."

तळपायाची आग मस्तकात जाणं काय असतं ते मला त्या खुर्चीत कळलं. झाडावरून पडतं ते फूल. गाणं लिहावं लागतं. ते खोडावं लागतं, आंघोळ करताना ते डोक्यात घोळवावं लागतं, 'बाई' कुठे घालायचं आणि कुठे नाही यावरून झोप उडते. आणि ज्याने खालची जागा झाडली त्याची आठवण काढायला काय जात होतं? सहकाऱ्याच्या बायकोने विचारलं, सर, चहात साखर कमी झाली का? मी म्हटलं, नाही, बरोबर आहे.

एकदाच मी त्यांना समोर ऐकलं. त्यांचा चंद्रपूरला कार्यक्रम होता आणि मी एका कार्यालयीन कामाच्या निमित्ताने तिथे गेलो. निमित्त होतं हे बायकोलाही कळलं होतं. मैदान भरलेलं. मी मागे, शेंगदाणेवाल्याजवळ उभा. माझं गाणं सुरू झालं आणि पहिल्याच कडव्यात लोडशेडिंगची लाइट गेली. माईक बंद, कीबोर्ड बंद. मला क्षणभर फार बरं वाटलं. पण लोक थांबले नाहीत. अंधारात सगळं मैदान माझ्या ओळी म्हणत राहिलं, आणि तो नुसत्या गिटारवर त्यांना साथ देत राहिला. तिसरं कडवं संपलं, धृपद झालं, आणि लाइट आली. जणू लाइटीलाही माहीत होतं गाणं कुठे संपतं ते.

त्याने मला गर्दीत ओळखलं. येऊन मिठी मारली. "काऊन बे, लिहून राह्यला का नाई?" मी म्हटलं, शाळेचं फार असतं. तो म्हणाला, ये ना परत, दोन गाणी दे, आमच्याजवळ तसं लिहिणारं कोणी नाई. मी हसलो. मग न राहवून मी म्हणालो, ते शेवटचं कडवं आठवतं का तुला?

त्याने ते मला तिथेच म्हणून दाखवलं. हळू आवाजात, चालीत, माझ्या नावासकट. एक अक्षर इकडचं तिकडे नाही.

"मले पाठ हाये," तो म्हणाला. "कधी कधी एकटा असलो की म्हणतो."

म्हणजे ते कडवं जगात होतं, फक्त एका माणसापुरतं, आणि तो माणूसही तोच. त्यापेक्षा विसरला असता तर परवडलं असतं. तेवढंही त्याने स्वतःजवळ ठेवलं होतं, आणि माझं नावसुद्धा माझ्यापेक्षा त्याच्या तोंडात जास्त चांगलं वाटत होतं.

त्यानंतर काही वर्षांनी मी जयंतीला धानोऱ्याला गेलो. बाबा निवृत्त झाले होते, आवाज गेला होता, पार्टीतले बरेच काका राहिले नव्हते. संध्याकाळी विहारासमोर मंडप होता आणि जवळच्याच गावची नवीन पोरांची गायन पार्टी आली होती. पेटी, ढोलक, आणि एक छोटा कीबोर्ड. मी बाबांना पुढच्या खुर्चीवर बसवलं आणि शेजारी बसलो. दोन-तीन जयंतीची गाणी झाली. मग पार्टीचा मुख्य गायक, काळासावळा, विशीचा, म्हणाला, आता एक आपल्या मातीचं गाणं आयका. आणि पेटीवाल्याने ती चाल धरली.

मला उठून जावंसं वाटलं. बाबांचा हात माझ्या गुडघ्यावर होता म्हणून बसलो. पोरं चांगली म्हणत होती. ढोलकवर ते गाणं मी पहिल्यांदाच ऐकत होतो आणि ढोलकवर ते अगदी घरी आल्यासारखं वाटत होतं. पहिलं कडवं. दुसरं. तिसरं. माझे खांदे सैल पडले, आता धृपद होऊन संपेल म्हणून. पण त्यांनी थांबवलं नाही. ढोलकवाल्याने ठेका बदलला, मंडपातली माणसं जरा पुढे सरकली, आणि त्या पोराने चौथं कडवं सुरू केलं. त्याच चालीत. त्याचं स्वतःचं कडवं. आणि पहिल्याच शब्दाला त्याचं स्वतःचं नाव.

बाबांनी माझ्या गुडघ्यावरचा हात उचलला आणि टाळी वाजवली. पोटभर.

कार्यक्रमात खंड पडला तसा मी मंडपामागे गेलो. बाबाही काठी टेकत आले, त्या पोराची पाठ थोपटायला. मी त्याला म्हटलं, हे कडवं तुम्ही का जोडलं?

"कॅसेटवालं उघडंच होतं ना सर," तो म्हणाला. "नाव नाई त्यात कोनाचंच. दुसऱ्या गावचे पार्टीवाले त्याहिचं नाव टाकते, आमी आमचं टाकतो."

"ते गाणं माझं आहे."

त्याने माझ्याकडे बघितलं. उद्धटपणे नाही, खरंच शोधल्यासारखं. "तुमचं? मंग नाव कुठी हाये तुमचं?"

मी बाबांकडे वळलो. आता तरी एक साक्षीदार होता माझा, त्या दिवशी माझ्या शेजारी बसलेला. बाबा गोंधळून माझ्याकडे बघत होते.

"तू त म्हटला होतास, त्याहिचं हाये म्हनून," ते म्हणाले.

इतकी वर्षं मी त्या तिघांवर जळत होतो, आणि गाणं त्यांच्या नावावर लावून देणारा पहिला माणूस मी होतो. बाबांनी ते ऐकलं होतं आणि जपून ठेवलं होतं. तरी मी त्या क्षणीसुद्धा मनात म्हणालो, की ते कडवं तिथे म्हटलं असतं तर मला असं बोलावंच लागलं नसतं. चूक कोणाची हे ठरवायचं झालं तर अजूनही माझं बोट आधी चंद्रपूरच्या दिशेनेच जातं.

"तुह्यं हाये त म्हन मंग," बाबा म्हणाले. "शेवटचं म्हन."

मी तिथेच, मंडपाच्या कनातीमागे उभा राहून म्हटलं. ढोलकवाला पाणी पीत होता, त्याने पेला खाली ठेवून बोटांनी हलका ठेका दिला. बाबांचे दोन्ही हात काठीच्या मुठीवर होते. नाव आलं. झाड नाई माह्यं आलं, झाडलेली जागा आली. बाबांनी काठी काखेत धरली आणि टाळी वाजवली.

तो पोरगा म्हणाला, चांगलं हाये सर, आणि पुढच्या गाण्यासाठी मंडपात गेला. बाबा त्याच्यामागून निघाले. मी मागे राहिलो, कारण मला ती टाळी पुन्हा मनात ऐकायची होती. चांगली टाळी होती, मोकळी, पोटभर. मघाशी त्या पोराच्या नावाला वाजवली होती अगदी तशीच. एकही जास्त नाही.